ऑयलरचे ३७२ भागाकार

एखाद्या संशोधनावर पैसा खर्च करावयाचा म्हटले की त्याचा उपयोग काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. प्रश्न गैर नाही. पैसा करदात्याचा असतो, साधने तुटपुंजी असतात आणि अर्थशास्त्र हे तर तुटपुंज्या साधनांच्या वाटपाचेच शास्त्र आहे. तथापि या प्रश्नाचे उत्तर किती काळात मिळावे अशी अपेक्षा धरावयाची, हे सहसा कोणी सांगत नाही. पाच वर्षांत? पंचवीस? की दोनशे? अठराव्या शतकातील एका गणितज्ञाचे चरित्र आणि त्याने हाताळलेली एक दहा अंकी संख्या यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरावे.

ती संख्या अशी : २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. वरवर पाहता तीत विशेष काही नाही. परंतु बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेले तर पहिल्या ३१ घरांतील दाण्यांची एकूण बेरीज नेमकी इतकी भरते. गणिताच्या भाषेत, २ चा ३१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. तिचे खरे वैशिष्ट्य मात्र दुसरेच आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे. ही गोष्ट इ. स. १७७२ मध्ये सिद्ध करून दाखविणारा गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर त्या वेळी ६५ वर्षांचा होता, आणि जवळजवळ पूर्णपणे आंधळा होता.

बाझेल ते पीटर्सबर्ग

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते, आणि मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. तेराव्या वर्षी तो बाझेलच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे योहान बेर्नुली हा त्या काळातील अग्रगण्य गणितज्ञ अध्यापन करीत होता. बेर्नुलीने त्याची नियमित शिकवणी पत्करली नाही. त्याने कठीण ग्रंथ स्वतः वाचावेत आणि अडलेल्या शंका शनिवारी दुपारी घेऊन याव्यात, एवढी सवलत मात्र दिली. पुढच्या आठवड्यात कमीत कमी शंका विचाराव्या लागाव्यात म्हणून हा विद्यार्थी आठवडाभर झटत असे. शिकविण्याची ही पद्धत आजच्या वेळापत्रकात बसणार नाही, परंतु तिने जगाला ऑयलर दिला. मुलाचा कल कोणीकडे आहे हे बेर्नुलीनेच वडिलांना पटवून दिले.

बाझेलमध्ये पदार्थविज्ञानाची जागा रिकामी झाली तेव्हा ऑयलरने अर्ज केला. ती त्याला मिळाली नाही. तेव्हा रशियात झार पीटरने स्थापन केलेल्या अकादमीत गेलेल्या बेर्नुलीच्या मुलांच्या खटपटीने १७२७ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी तो सेंट पीटर्सबर्गला गेला. या अकादमीची आर्थिक व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. पीटरने १७२४ मध्ये तिच्यासाठी नार्वा, डोर्पाट, पेर्नाऊ आणि आरेन्सबुर्ग या बाल्टिक शहरांच्या जकातीतून वर्षाला सुमारे २५ हजार रुबलची तरतूद केली होती. म्हणजे बंदरात उतरणाऱ्या मालावरील कराचा एक हिस्सा थेट विद्वानांच्या चरितार्थासाठी राखून ठेवला होता.

ही कल्पना आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा आणि तेथील बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरील राजाच्या कराचे उत्पन्न त्या मठास लावून दिल्याचा उल्लेख आहे. बाजाराने विद्या पोसावी, ही तजवीज तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशात होती.

राजाश्रयाचे दोन चेहरे

रशियातील पहिली १४ वर्षे ऑयलरने केवळ गणित केले असे नव्हे. नकाशे तयार करण्याचे काम त्याच्याकडे होते, जहाजबांधणीवर त्याने ग्रंथ लिहिला आणि वजने व मापे तपासणाऱ्या समितीतही तो होता. १७३८ मध्ये उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. याच वर्षी हिंदूंच्या सौरवर्षाच्या गणनेवरील त्याचे टिपणही एका ग्रंथाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध झाले. राजकीय अस्थिरता वाढली तेव्हा १७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून तो बर्लिनला गेला आणि तेथे २५ वर्षे राहिला.

फ्रेडरिकला उपयुक्ततेची मोठी हौस होती. १७४९ मध्ये राज्याचे उत्पन्न वाढविण्यासाठी लॉटरी काढण्याची एक योजना त्याच्यापुढे आली, तेव्हा तिचा हिशेब तपासण्याचे काम ऑयलरकडे आले. कालवे, विधवांचे निवृत्तिवेतन, राजवाड्यातील कारंजी या सर्वांवर त्याचा सल्ला घेण्यात आला. कारंजी उडाली नाहीत. राजाने त्याचे खापर भूमितीवर फोडले. वास्तविक पाण्याचा दाब सोसण्याइतके नळ मजबूत हवेत, हे ऑयलरने हिशेबाने दाखविले होते. खर्च वाचविण्यासाठी कमकुवत नळ वापरणाऱ्यांनी तिकडे लक्ष दिले नव्हते. शास्त्रज्ञाचा सल्ला घ्यावयाचा, तो अर्धवट पाळावयाचा आणि अपयश आले की शास्त्रालाच दोष द्यावयाचा, ही रीत अठराव्या शतकापुरती मर्यादित नाही.

ऑयलर साधा, श्रद्धाळू आणि मुलाबाळांत रमणारा गृहस्थ होता. त्याला १३ अपत्ये झाली. त्यांतील पाचच बालपण ओलांडू शकली. दरबारी हजरजबाबीपणा त्याच्या अंगी नव्हता, आणि फ्रेडरिकला तर तोच प्रिय होता. त्याच्या गेलेल्या डोळ्यावरून राजाने केलेल्या कोट्या इतिहासाने नोंदवून ठेवल्या आहेत. बर्लिन अकादमीचे अध्यक्षपद रिकामे झाले तेव्हा सर्वांत योग्य माणूस समोर असूनही ते त्याला देण्यात आले नाही. रशियन अकादमी मात्र तो बर्लिनमध्ये असतानाही त्याला मानधन पाठवीत राहिली. १७६० मध्ये युद्धाच्या धामधुमीत रशियन फौजांनी त्याची शेतवाडी लुटली, तेव्हा ती कोणाची हे कळताच रशियाकडून त्याला भरपाई मिळाली. १७६६ मध्ये दुसऱ्या कॅथरिनच्या बोलावण्यावरून तो पीटर्सबर्गला परतला, तो कायमचाच.

परतल्यावर लवकरच दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दिसू लागले आणि मग जखम चिघळून दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली. त्याच वर्षी शहरात लागलेल्या आगीत त्याचे घर जळाले. बाझेलच्याच एका कारागिराने या अंध वृद्धाला उचलून बाहेर काढले म्हणून तो वाचला. १७७३ मध्ये पत्नी वारली. इतके आघात सोसणाऱ्या माणसाचे काम थांबले असते तर कोणी दोष दिला नसता. प्रत्यक्षात त्याच्या एकूण लेखनापैकी जवळजवळ निम्मे याच काळातील आहे. तो तोंडाने सांगे आणि मुलगा व शिष्य लिहून घेत. बीजगणितावरील त्याचे विख्यात पाठ्यपुस्तक त्याने शिंपीकाम शिकलेल्या एका तरुण नोकराला सांगून लिहवून घेतले, आणि सांगता सांगता तो तरुणही बीजगणित शिकला अशी ख्याती आहे.

भागाकार वाचविण्याची विद्या

आता त्या दहा अंकी संख्येकडे वळू. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या केव्हा मिळते, हा प्रश्न फार जुना आहे. यूक्लिडने दाखविले होते की अशा प्रत्येक मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या तयार होते. परिपूर्ण संख्या म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती. ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. तसेच २८. अशा सर्व सम परिपूर्ण संख्या यूक्लिडच्याच साच्यातून निघतात, हे दोन हजार वर्षांनंतर ऑयलरनेच सिद्ध केले.

इटलीतील कातालदीने १६०३ मध्ये १७ वा आणि १९ वा घात तपासून पुढे २३, २९, ३१ आणि ३७ हे घातही मूळ संख्या देतात असे प्रतिपादन केले. फेर्माने १६४० मध्ये २३ आणि ३७ यांचा दावा खोडला, २९ चा ऑयलरने. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये जी यादी प्रसिद्ध केली तीत ३१ होताच. मात्र त्या यादीला सिद्धतेचा आधार नव्हता, आणि पुढे तीत अनेक चुका निघाल्या. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून संख्या मूळ ठरत नाही, हे ऑयलर चांगले जाणून होता. फेर्माने मूळ मानलेल्या ४,२९,४९,६७,२९७ या संख्येस ६४१ ने भाग जातो, हे त्याने १७३२ मध्येच दाखविले होते.

प्रश्न असा की, दोन अब्जांहून मोठी संख्या मूळ आहे हे सिद्ध करावयाचे तरी कसे? संख्येला विभाजक असेल तर त्यांपैकी एक तिच्या वर्गमुळाहून लहान असलाच पाहिजे. येथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे येते. म्हणजे तोवरच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागेल, आणि त्या साडेचार हजारांहून अधिक आहेत. येथे ऑयलरने बुद्धीने श्रम वाचविले. त्याने दाखविले की या संख्येला एखादा मूळ विभाजक असेलच, तर त्याला ६२ ने भागले असता बाकी १ उरली पाहिजे, आणि ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की असे निष्पन्न होते की, २४८ ने भागले असता ज्यांची बाकी १ किंवा ६३ उरते, तेवढ्याच संख्या विचारात घ्यावयाच्या. ४६,३४० पर्यंत अशा मूळ संख्या शोधण्यासाठी अवघे ३७२ उमेदवार उरतात. त्यांतील ज्या स्वतःच मूळ नाहीत त्या वगळल्या तर शंभराहूनही कमी. त्यांपैकी एकानेही भाग जात नाही. सिद्धता पूर्ण झाली. हा निष्कर्ष ऑयलरने १७७२ मध्ये पत्राने कळविला. त्यानंतर १८६७ पर्यंत, म्हणजे ९५ वर्षे, याहून मोठी मूळ संख्या मानवाला ज्ञात नव्हती.

थोडक्यात, ऑयलरचे कर्तृत्व भागाकार करण्यात नसून, हजारो भागाकार करण्याची गरज नाही हे आधी सिद्ध करण्यात आहे. श्रमाची बचत ही अर्थशास्त्राची आवडती कल्पना. तिचे इतके शुद्ध उदाहरण कारखान्यांच्या इतिहासातही क्वचितच सापडेल.

उपयोगाचा उशिरा आलेला हिशेब

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने आपल्या ग्रंथात या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येविषयी एक भाकीत केले. ही परिपूर्ण संख्या १९ अंकी आहे. बार्लोच्या मते याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही. कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि म्हणून त्यापुढची शोधण्याच्या भरीस कोणी पडेल असे त्याला वाटले नाही. बार्लो काही सामान्य माणूस नव्हता. त्याची कोष्टके अभियंते आणि हिशेबनीस दीड शतक वापरीत होते. तरीही त्याचे भाकीत दोन्ही अंगांनी चुकले. मोठ्या संख्या सापडत गेल्या, आणि कुतूहलाची म्हणून बाजूला ठेवलेली संख्या कामाला लागली.

संगणक सर्व संख्या ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितो. ३२ स्थानांपैकी एक स्थान चिन्हासाठी राखले की उरलेल्या ३१ स्थानांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे आपली हीच संख्या. असंख्य यंत्रांतील मोजणीची ही कमाल मर्यादा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील एका कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ती ओलांडली तेव्हा मोजणीची व्यवस्था वाढवून घ्यावी लागली. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या धाटणीच्या संगणकांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, या संख्येपाशी येऊन थांबेल. पुढच्या सेकंदाची सोय त्याआधी करून ठेवणे भाग आहे.

मर्यादेचा हा उपयोग तिच्या आकारामुळे झाला. ती मूळ संख्या असण्याचाही उपयोग झाला. यादृच्छिक अंकांची मालिका तयार करण्यासाठी १९६९ मध्ये एका मोठ्या संगणकावर जी पद्धत योजली गेली तिचा पाया ही संख्याच होती. ती मूळ असल्यामुळे मालिका पुनरावृत्त होण्यापूर्वी दोन अब्जांहून अधिक पावले टाकते. नमुना पाहणी, विम्याचे अंदाज, अर्थव्यवस्थेची प्रतिमाने यांसाठी अशा मालिका लागतात. याहून मोठी गोष्ट म्हणजे, भागाकाराच्या बाकीविषयी ऑयलरने १७६३ मध्ये प्रसिद्ध केलेला सिद्धान्त १९७७ मध्ये शोधलेल्या एका गुप्तलेखन-पद्धतीचा आधार बनला, आणि संगणकावरून होणाऱ्या व्यवहारांच्या सुरक्षिततेत या पद्धतीने मोठी कामगिरी बजावली. अर्थशास्त्राच्या वर्गात तर ऑयलरचे नाव चुकतच नाही. प्रत्येक उत्पादक घटकाला त्याच्या सीमान्त उत्पादकतेइतका मोबदला दिला तर एकूण उत्पादन नेमके वाटून संपेल काय, या प्रश्नाचे उत्तर १८९४ मध्ये समघाती फलांविषयीच्या त्याच्याच सिद्धान्ताने मिळाले.

कोणाच्या पैशाने?

यावरून प्रत्येक निरुपयोगी वाटणारी गोष्ट कालांतराने उपयोगी पडतेच असे कोणी म्हणू लागला तर ती आत्मवंचना ठरेल. त्या अकादम्यांतील कित्येकांचे लेखन कोणाच्याही कामी आले नाही, आणि येणारही नाही. शिवाय दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्या रशियाने ऑयलरला पोसले तेथील बहुसंख्य शेतकरी भूदास होते. त्यांच्या पाठीवर कराचे ओझे असताना परदेशी विद्वानाला भरघोस वेतन द्यावे काय, हा प्रश्न त्या काळी कोणी त्यांना विचारला नाही. तो आज विचारला गेला तर त्याची टवाळी करता कामा नये.

तथापि उत्तर देताना ज्ञान ही वस्तू इतर वस्तूंपेक्षा निराळी आहे हे ध्यानात घ्यावे लागते. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. सिद्धता मात्र कितीही जणांनी वापरली तरी संपत नाही, आणि वापरणाऱ्याला अडवून तिचे मोल वसूलही करता येत नाही. म्हणूनच तिच्यावर भांडवल गुंतविण्यास व्यापारी धजत नाही. १७७२ मध्ये केलेल्या खर्चाचा परतावा १९६९ मध्ये, तोही परक्या देशात आणि परक्याच्या हाती पडणार असेल, तर कोणती पेढी ती जोखीम घेईल? ती समाजालाच घ्यावी लागते. कोणता भागाकार फळाला येणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून भागाकार करणारी माणसेच जोपासावी लागतात.

आणि माणसे जोपासणे याचा अर्थ त्यांना स्वास्थ्य देणे. आपल्या महाविद्यालयांत आज कित्येक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, आणि तेथे तासिका तत्त्वावर नेमलेले शिक्षक तासाच्या मोबदल्यावर दिवस काढतात. एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही या विवंचनेत असलेल्या तरुण शिक्षकाने दहा अंकी संख्येच्या विभाजकांचा विचार करावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने धरावयाची? त्याच्या तासांचा हिशेब आपण चोख ठेवतो. त्या तासांबाहेर जे घडू शकले असते त्याची नोंद कोणत्याच खतावणीत होत नाही.

ऑयलर १८ सप्टेंबर १७८३ रोजी वारला. त्या दिवशीही नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी त्याने सहकाऱ्यांशी चर्चा केली होती. दुपारी नातवाशी खेळताना त्याला झटका आला, आणि रात्री त्याचे निधन झाले. त्याने मागे ठेवलेल्या हस्तलिखितांचे प्रकाशन पीटर्सबर्गची अकादमी त्यानंतर जवळजवळ अर्धशतक करीत होती. १९११ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या समग्र ग्रंथावलीने ८० खंडांची मर्यादा ओलांडली आहे. चार बाल्टिक शहरांच्या जकातीतून उभी राहिलेली ही पुंजी आज कोणत्याही विद्यार्थ्याला विनामूल्य वापरता येते. ज्यांच्या मालावर तो कर बसला त्या व्यापाऱ्यांना आणि ज्यांच्या श्रमावर ते राज्य चालले त्या भूदासांना याची कल्पनाही नव्हती. त्यांचे ऋण फेडावयाचे तर ते पुढच्या पिढीसाठी तशीच तरतूद करूनच फेडता येईल.